पेटंट माझं, ॲप त्यांचं: तीस गुंठे विकून खटला लढू का?

सातारा जिल्ह्यातल्या एका वाचकाचं पत्र, ओळख पटेल असा तपशील गाळून:

वय ४२, तालुक्याच्या गावी मोबाईल दुरुस्तीचं दुकान, जोडीला थोडी बागायत. ऊसवाहतुकीचा ट्रॅक्टर आत्ता कुठं आहे हे ड्रायव्हरच्या साध्या स्मार्टफोनवरून कळावं म्हणून त्यांनी एक पद्धत बसवली. गाडी हलतेय असं फोनच्या सेन्सरला जाणवलं तरच जीपीएस चालू होतं. रेंज नसेल तिथं ठिकाणं फोनमध्येच साठतात. रेंज आली की सगळी मिळून एका एसेमेसने जातात. बॅटरी टिकते, नेटपॅक लागत नाही. २०१५-१६ च्या गळीत हंगामात गावातल्या चार ट्रॅक्टरांवर हे चालवून पाहिलं, मालकांनी ‘रिचार्जपुरते’ पैसे दिले. ऑगस्ट २०१६ मध्ये पेटंटचा अर्ज केला, २०२२ मध्ये पेटंट मिळालं. मधल्या काळात एका साखर कारखान्याच्या शेती ऑफिसात जाऊन दाखवलं, ‘बघू’ म्हणाले. गेल्या हंगामात त्याच कारखान्याने पुण्याच्या एका कंपनीचं ॲप घेतलं. वाचक लिहितात, “हुबेहूब माझंच आहे. त्यांचं नेटवर चालतं, एवढाच फरक.” ओळखीच्या एका सल्लागाराने सांगितलंय, की गूगलने अशाच लोकेशनच्या भांडणात एका छोट्या कंपनीला नऊ कोटी डॉलर मोजले, आता दोन लाख द्या, पुढे मिळतील त्यातले तीस टक्के द्या, दावा लावून देतो. त्यासाठी आणि पुढच्या खर्चासाठी तीस गुंठे विकायचा विचार आहे. पत्नी म्हणते, हरलो तर? “तिला कायद्यातलं काय कळतं? पण गप्प बसलो तर गाव म्हणेल, ह्याचं पेटंट म्हणजे भिंतीला लावायचा कागद. काय करू?” सोबत पेटंटच्या पहिल्या पानाचा आणि पहिल्या क्लेमचा (हक्काची हद्द सांगणाऱ्या मुद्द्याचा) फोटो जोडलाय.

नमस्कार दादा,

आधी उत्तर देतो, कारणं मागून. जमीन विकू नका. खटला कधीच करू नका असं मी म्हणत नाही; पण तो करण्याजोगा आहे की नाही हे ठरवायला लागणारे कागद अजून तुम्हीच नीट पाहिलेले नाहीत, आणि ते पाहायला तीस गुंठ्यांची गरज नाही.

तुमचं पत्र लांबलचक आहे आणि त्यातला बराचसा भाग त्या कंपनीवरच्या रागाचा आहे. शेती ऑफिसात त्या दिवशी कोण कोण बसलं होतं, कुणी फोटो काढला, कुणाचा भाचा पुण्यात कामाला आहे. राग खोटा आहे असं मी म्हणणार नाही. रात्रीची झोप मोडून, दुकान सांभाळून माणूस काहीतरी उभं करतो, दहा लोकांना दाखवतो, आणि चार वर्षांनी तेच दुसऱ्याच्या नावाने गाडीतळावर चालू दिसतं, तेव्हा पोटात कालवतंच. पण एक गोष्ट तुम्हाला कुणी सांगितलेली दिसत नाही. पेटंटच्या खटल्यात चोरी सिद्ध करावी लागत नाही. समोरच्याने तुमचं नावही ऐकलेलं नसेल, त्याने सगळं स्वतःच्या डोक्याने केलेलं असेल, तरी त्याची वस्तू तुमच्या पेटंटच्या क्लेममध्ये बसत असेल तर तो भंग. आणि याच्या उलटही खरं आहे. त्यांनी अगदी तुमचंच बघून केलेलं असलं, पण क्लेममध्ये बसत नसलं, तर पेटंटभंग नाही. म्हणजे तो भाचा, तो फोटो, ते ‘बघू’ म्हणणं, यातलं काहीच तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर देत नाही. तुम्ही इतके महिने ज्या पुराव्याच्या मागे आहात तो तुम्हाला जाळतोय, आणि कोर्टात त्याचं वजन फार थोडं आहे.

मग वजन कशाला? क्लेमला. पेटंटच्या पुस्तिकेतलं वर्णन, आकृत्या, प्रस्तावना हे सगळं वाचायला छान असतं, पण हक्क कुठून कुठपर्यंत हे शेवटच्या पानांवरचे क्रमांक घातलेले क्लेम सांगतात. सातबाऱ्यावर तुमचं नाव असलं तरी शेजाऱ्याने बांध कोरलाय का हे चतुःसीमा आणि मोजणीवरूनच ठरतं. क्लेम म्हणजे पेटंटच्या चतुःसीमा. त्यात जितके घटक लिहिलेत ते सगळे समोरच्याच्या वस्तूत सापडावे लागतात. पाचपैकी चार सापडले तर सहसा भागत नाही.

आता तुम्ही पाठवलेला पहिला क्लेम. त्यात चार गोष्टी आहेत: गाडीतला फोन, हालचालीच्या सेन्सरवरून जीपीएस चालू-बंद करणं, रेंज नसताना ठिकाणं साठवणं, आणि ती ‘एसेमेसद्वारे’ एकत्र पाठवणं. शेवटचा शब्द स्पष्ट छापलेला आहे. आणि तुमच्याच पत्रात आहे, “त्यांचं नेटवर चालतं, एवढाच फरक.” दादा, समोरचा वकील पहिल्या दिवशी नेमकं हेच वाक्य उचलेल. तुम्हाला जो फरक बारीक वाटतो त्याच्यावर अख्खा दावा उभा किंवा आडवा होऊ शकतो.

यात तुमची फार चूक आहे असंही नाही. तुमच्या अर्जाची तारीख बघा: ऑगस्ट २०१६. पुढच्याच महिन्यात, सप्टेंबर २०१६ मध्ये, जिओ बाजारात आलं आणि वर्षभरात आपल्याकडच्या ड्रायव्हरांच्या खिशात डेटा आला. त्याच्या आधी पाटणच्या खोऱ्यात किंवा खटाव-माणकडच्या रस्त्यांवर एसेमेस हाच भरवशाचा मार्ग होता, म्हणून तुम्ही, किंवा तुमच्या पेटंट एजंटाने, तेच लिहिलं. ‘एसेमेस अथवा अन्य कोणत्याही दूरसंचार मार्गाने’ एवढं त्या वेळी लिहिलं असतं तर आज गोष्ट वेगळी असती. आता ते घालता येत नाही. मंजूर पेटंटात दुरुस्ती करता येते, पण ती हद्द आवळण्यासाठी किंवा चूक सुधारण्यासाठी, वाढवण्यासाठी नाही. पेटंट कायद्याचं कलम ५९ त्याबाबतीत कडक आहे.

तरी दार अगदी बंद नाही. एक म्हणजे, न्यायालयं शब्दाला शब्द जुळवूनच थांबतात असं नाही. बदललेला भाग तेच काम, त्याच रीतीने, तोच परिणाम साधत करत असेल तर तो समतुल्य मानावा, असा युक्तिवाद आपल्याकडे चालतो. एसेमेस आणि डेटा समतुल्य आहेत का? मला विचाराल तर हे अवघड आहे, कारण तुमच्याच वर्णनात ‘नेटपॅक लागत नाही’ हा मोठा गुण म्हणून सांगितलाय. ज्याच्या विरोधात तुम्ही आपलं वेगळेपण मांडलं, तेच आता आपल्यासारखं आहे म्हणायचं. दुसरं, तुम्ही मला फक्त पहिलाच क्लेम पाठवलाय. ‘क्लेम १ मध्ये सांगितल्याप्रमाणे’ अशी सुरुवात नसलेला, स्वतंत्र उभा असलेला दुसरा एखादा क्लेम पुढे असेल आणि त्यात एसेमेस नसेल, तर चित्र बदलतं. आज रात्री दुकान बंद केल्यावर ती पानं काढून वाचा.

तुमचा दुसरा समज असा, की सरकारने पेटंट दिलंय म्हणजे त्यावर आता कुणी बोट ठेवू शकत नाही. कायदाच असं म्हणत नाही. पेटंट कायद्याच्या कलम १३ मध्येच लिहिलंय, की तपासणी झाली म्हणून पेटंटच्या वैधतेची हमी मिळत नाही. तुम्ही दावा लावला, की समोरचा दोन गोष्टी एकदम म्हणेल: आम्ही भंग केलेला नाही, आणि तुमचं पेटंटच रद्द करा. कलम ६४ मध्ये रद्द करण्याची जी कारणं आहेत ती सगळी त्याला बचाव म्हणूनही वापरता येतात.

याचं आपल्याकडचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण भांड्यांचं आहे. उत्तर प्रदेशातल्या मिर्झापूरच्या एका कारखान्याकडे, लेथवर कातताना भांडं पक्कं धरून ठेवण्याच्या साधनाचं १९५१ सालचं पेटंट होतं. दुसऱ्या एका पेढीने तसंच साधन वापरलं म्हणून त्या कारखान्याने दावा गुदरला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९७८ मध्ये निकाल लागला: आधीच माहीत असलेल्या साधनात कारागिराच्या नेहमीच्या हुशारीपलीकडे काही नवं नाही, म्हणून पेटंटच रद्द. दावा लावायला गेलेला माणूस पेटंट गमावून बसला, आणि त्यासाठी दोन तपांहून जास्त काळ गेला. आजही पेटंटच्या खटल्यांत हा निकाल वाचला जातो.

तुमच्या बाबतीत समोरचा काय काढेल याचा थोडा अंदाज मीही करू शकतो. जीपीएसचा संकेत सामान्य लोकांसाठी मुद्दाम अंधुक ठेवणं अमेरिकेने मे २००० मध्ये बंद केलं, आणि तेव्हापासून गाड्यांच्या ठावठिकाण्यावर जगभर काम चालू आहे. फोनने कमी बॅटरीत हालचाल ओळखावी ही कल्पना तर २०१३ मध्येच बाजारात होती: ॲपलने त्या वर्षीच्या आयफोन ५एसमध्ये त्यासाठी एम७ नावाची वेगळी चिप घातली, आणि गूगलने ॲन्ड्रॉइडवर माणूस चालतोय की गाडीत आहे हे ओळखण्याची सोय ॲप बनवणाऱ्यांना दिली. तुमचा अर्ज २०१६ चा. तेव्हा एकेका तुकड्यात नवेपण दाखवणं जड जाईल. तुमचं बळ असलंच तर ते चारही गोष्टींच्या जुळणीत आहे. शिवाय कलम ३(के) आहे: नुसता संगणक प्रोग्रॅम किंवा अल्गोरिदम पेटंटला पात्र नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये फरीद अल्लानी प्रकरणात स्पष्ट केलं, की प्रोग्रॅममुळे काही तांत्रिक परिणाम साधत असेल तर अर्ज सरसकट फेटाळता येणार नाही. तुमच्याकडे बॅटरी वाचणं हा तसा परिणाम आहे, त्यामुळे या मुद्द्यावर मला तुमची फारशी काळजी नाही.

काळजी आहे ती दुसऱ्याच एका वाक्याची. तुम्ही ते सहज लिहून गेलात: अर्जाच्या आधीच्या हंगामात चार ट्रॅक्टरांवर चालवलं, मालकांनी रिचार्जपुरते पैसे दिले. अर्ज करण्याआधी शोध उघडपणे वापरात होता, हे पेटंट रद्द करण्याचं सरळ कारण ठरू शकतं. सुदैवाने कलम ३२ तुमच्या बाजूने उभं राहू शकतं. अर्जाच्या आधीच्या एका वर्षात, केवळ वाजवी चाचणीसाठी, आणि ती चाचणी चारचौघांतच करावी लागणार असेल तर, तो वापर पेटंटच्या आड येत नाही. ऊसवाहतुकीची चाचणी बंद खोलीत होत नाही, फडापासून काट्यापर्यंतच्या रस्त्यावरच होणार. आणि नोव्हेंबर २०१५ ते ऑगस्ट २०१६ हे अंतर वर्षाच्या आत बसतं. पण ते पैसे चाचणीचा खर्च होते की सेवेचं भाडं? त्या वेळची वही, मालकांना पाठवलेले मेसेज, रिचार्जच्या पावत्या जे काही असेल ते जपून ठेवा, एक अक्षर बदलू नका, आणि वकिलाला हे पहिल्या भेटीतच सांगा. समोरच्याकडून कळण्यापेक्षा तुमच्याकडून कळलेलं त्याला हवं असतं.

आता गूगलचे नऊ कोटी डॉलर. बातमी खरी आहे. बॉस्टनची स्कायहुक नावाची कंपनी, वाय-फायच्या खुणांवरून फोनचं ठिकाण शोधण्याचं तंत्र तिचं; सुरुवातीच्या आयफोनमध्येही ते वापरलं गेलं. तिने सप्टेंबर २०१० मध्ये गूगलवर दावे लावले आणि २०१५ मध्ये पेटंटच्या दाव्यात तडजोड झाली. तेव्हाच्या दराने साडेपाचशे कोटी रुपयांच्या घरातली रक्कम. पण तुमच्या सल्लागाराने उरलेली गोष्ट सांगितली नाही. त्यांच्याकडे एकच नव्हे तर कितीतरी पेटंटं होती, चालू धंदा होता, गिऱ्हाईकं होती. व्यवसायात ढवळाढवळ केल्याचा जो दुसरा दावा त्यांनी गूगलवर लावला होता तो ते हरले. आणि पैसे आले त्याच्या आधीच, २०१४ मध्ये, ती कंपनी दुसऱ्या एका कंपनीने विकत घेतलेली होती.

त्याच सुमाराची दुसरी गोष्टही ऐका, ती तुमच्या प्रकरणाच्या जास्त जवळची आहे. घरच्यांना एकमेकांचं ठिकाण नकाशावर दाखवणारं लाइफ थ्री-सिक्स्टी हे ॲप अनेकांच्या फोनमध्ये असतं. ॲडव्हान्स्ड ग्राउंड इन्फर्मेशन सिस्टिम्स नावाच्या कंपनीने २०१४ मध्ये फ्लोरिडात त्यांच्यावर दावा लावला, की नकाशावर फोनधारकांच्या खुणा दाखवण्याचं आमचं पेटंट तुम्ही मोडलंत. वरवर पाहिलं तर साम्य डोळ्यांत भरण्यासारखं. मार्च २०१५ मध्ये ज्यूरीने सांगितलं, भंग झालेला नाही. हे दोन्ही खटले अमेरिकेतले, तिथल्या पेटंटांवरचे, तिथल्या कायद्याने चाललेले. तुमचं पेटंट भारतापुरतं आहे, आणि अमेरिकेतल्या रकमा पाहून इथली अपेक्षा बांधायची ठरवली तर तीस गुंठे कुणाला पुरणार?

सल्लागाराबद्दल थोडं कडक लिहितो. तो वकील असेल, तर निकालावर अवलंबून फी ठरवणं किंवा मिळालेल्या रकमेत वाटा घेणं याला बार कौन्सिलच्या नियमांनुसार बंदी आहे. आणि वकील नसेल तर तो कोर्टात उभा राहू शकत नाही, मग दोन लाख कशाचे? पेटंट एजंट म्हणवत असेल तर नोंदणीकृत एजंटांची यादी पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर आहे, तिथे नाव पाहा. एजंट पेटंट कार्यालयापुढचं काम करू शकतो, दावा चालवायला वकीलच लागतो. तुम्ही त्याला अजून पैसे दिले नसतील तर देऊ नका. दिले असतील तर पावती मागा.

समजा सगळं तपासून खटला लढण्याजोगा निघाला. तर तो जिल्हा न्यायालयाच्या खाली दाखल होत नाही. आणि समोरच्याने पेटंट रद्द करण्याचा प्रतिदावा केला, की प्रकरण उच्च न्यायालयाकडे जातं. सातारा आणि सांगलीसाठी आता १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरचं सर्किट बेंच सुरू झालंय, त्यामुळे मुंबईच्या हेलपाट्यांची जुनी धास्ती थोडी कमी झाली असेल. तुमच्या प्रकरणात नेमकं कुठं जावं लागेल ते वकिलाकडून ठरवून घ्या. पण तांत्रिक तज्ज्ञ, पेटंटचा अनुभव असलेला वकील, कागदपत्रं यांचा खर्च अंतर कमी झाल्याने कमी होत नाही. आणि व्यापारी दाव्यांत हरणाऱ्याने जिंकणाऱ्याचा खर्च द्यायचा, हाच सर्वसाधारण नियम आहे. वहिनींनी विचारलं, ‘हरलो तर?’ तुम्ही लिहिता, तिला कायद्यातलं काय कळतं. तुमच्या अख्ख्या पत्रात कायद्याचा सगळ्यात नेमका प्रश्न त्यांचाच आहे.

मग करायचं काय? सगळ्यात आधी, तुमचं पेटंट आज जिवंत आहे का ते बघा. पत्रात नूतनीकरणाचा उल्लेखही नाही, आणि मला याचीच सर्वांत जास्त धास्ती वाटते. दरवर्षी फी भरावी लागते. व्यक्तीसाठी ती डोईजड नाही: सातव्या ते दहाव्या वर्षापर्यंत वर्षाला २,४०० रुपये, अकराव्यापासून पंधराव्यापर्यंत ४,८०० रुपये. पण चुकली तर सहा महिन्यांची सवलत, तीही जादा फी भरून, आणि त्यानंतर पेटंट निपचित. निपचित झाल्यापासून अठरा महिन्यांच्या आत ते पुन्हा जिवंत करण्याचा अर्ज करता येतो, मात्र मधल्या काळात ज्याने काम सुरू केलं त्याला बऱ्यापैकी संरक्षण मिळतं. पेटंट कार्यालयाच्या ‘इनपास’ या शोधयंत्रात आपला क्रमांक टाका, स्थिती तिथे दिसते. तिथेच फॉर्म २७ भरलाय का तेही कळेल. पेटंट प्रत्यक्ष वापरात आहे की नाही याचं ते निवेदन. ते भरायचं राहिलं असेल तर एजंटाला विचारून मार्गी लावा. तुम्ही स्वतः पेटंट वापरात आणलेलं नसेल, तर समोरच्याचं काम ताबडतोब थांबवायचा तात्पुरता मनाई हुकूम मिळणं अवघड होतं, हेही मनाशी धरा.

त्यानंतर तुमच्या हातातलं काम, आणि हे तुमच्याइतकं चांगलं कुठलाही वकील करणार नाही. ते ॲप वापरणाऱ्या एखाद्या ओळखीच्या ड्रायव्हरला विश्वासात घ्या, त्याच्या परवानगीने आणि त्याच्या समोरच त्याचा फोन पाहा. ॲप एसेमेसची परवानगी मागतं का? मागत नसेल तर ते एसेमेस पाठवत नाही, विषय संपला. शारीरिक हालचालीची परवानगी मागतं का? नवीन ॲन्ड्रॉइडच्या प्रायव्हसी डॅशबोर्डमध्ये कोणत्या ॲपने लोकेशन किती वाजता वापरलं हे दिसतं. फोन तासभर टेबलावर निपचित ठेवा आणि तासभर गाडीत फिरवा. दोन्ही वेळा नोंदी सारख्याच पडत असतील तर ते हालचालीवरून जीपीएस चालू-बंद करतच नाहीत, म्हणजे क्लेमचा दुसराही घटक गळाला. तारीख-वेळेसह स्क्रीनशॉट ठेवा. ॲप फोडून आतला कोड काढणं किंवा कंपनीच्या सर्व्हरमध्ये डोकावणं हे मात्र चुकूनही करू नका, ते वेगळ्याच गुन्ह्यात जाईल. एका कागदावर डाव्या बाजूला क्लेममधला एकेक घटक आणि उजव्या बाजूला ॲपमध्ये काय दिसलं हे लिहा. तो कागद घेऊन पेटंटचं काम करणाऱ्या वकिलाकडे एकदाच सल्ल्यासाठी जा, त्या भेटीची फी द्या आणि लेखी मत मागा. एवढाच खर्च सध्या करा.

मत अनुकूल आलं तर पहिलं पाऊल पत्राचं. आमच्याकडे अमुक क्रमांकाचं पेटंट आहे, ते आपल्या माहितीसाठी कळवत आहोत, परवान्याबाबत बोलायची तयारी आहे. असं साधं पत्र. त्याचे दोन फायदे. पेटंट आहे हे माहीतच नव्हतं, असं सिद्ध करणाऱ्याकडून नुकसानभरपाई मिळत नाही; पत्र गेल्यावर तो बचाव संपतो. आणि नुसतं पेटंटचं अस्तित्व कळवणं ही धमकी ठरत नाही. याउलट ‘पंधरा दिवसांत बंद करा नाहीतर’ अशी बिनबुडाची धमकी दिलीत, कारखान्यालाही पाठवलीत, तर कलम १०६ खाली तेच तुमच्यावर दावा लावू शकतात. तुम्ही लिहिलंय की व्हॉट्सॲपच्या स्टेटसला त्या कंपनीचं नाव घालून ‘चोर’ म्हणून टाकलंय. ते आजच काढा. उद्या तुमच्या विरोधात दाखवायला त्याहून सोयीचा कागद त्यांना मिळणार नाही.

त्यांनी दाद दिली नाही, तर तातडीचा मनाई हुकूम मागायचा नसेल तेव्हा दाव्याआधी मध्यस्थी करून पाहणं व्यापारी न्यायालयांच्या कायद्याने तसंही बंधनकारक आहे. ती जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत होते आणि काही महिन्यांत आटोपते. तुमच्यासारख्या प्रकरणात मला खरी आशा तिथेच वाटते. तुमच्याकडे पेटंटखेरीज आणखी एक गोष्ट आहे: कोणत्या वळणावर रेंज जाते, टोळी फडात असताना ड्रायव्हर फोन का बंद करतो, चिटबॉयला (तोडणीच्या चिठ्ठ्या देणाऱ्या कारखान्याच्या माणसाला) नेमकी कोणती माहिती लागते, हे तुम्हाला ठाऊक आहे आणि पुण्यात बसून ते कळत नाही. परवान्याची छोटी रक्कम आणि हंगामापुरतं त्या भागातलं देखभालीचं काम अशी तडजोड कागदावर आली, तर ती कमीपणाची मानू नका. कंपनीला तुमच्याशी भांडायचं नसेल तर असं काहीतरी तिलाही परवडतं.

आणि मत प्रतिकूल आलं तर? तर पेटंट आहे तसं ठेवा. त्याची मुदत अर्जापासून २० वर्षं, म्हणजे २०३६ पर्यंत आहे. जिथं डेटा चालत नाही अशा ठिकाणी एसेमेसचीच वाट धरणारा दुसरा कुणी येईल, तेव्हा हाच क्लेम नेमका लागू पडेल. तोवर फी भरत राहायची की पेटंट सोडून द्यायचं, हा दरवर्षी काही हजार रुपयांचा प्रश्न आहे; तीस गुंठ्यांचा नाही. गाव काय म्हणेल याचं उत्तर माझ्याकडे नाही. जमीन विकून हरलेल्या माणसाबद्दल गाव काय म्हणतं ते मात्र तुम्हीही ऐकलेलं असेल.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी दोन शब्द. तुम्ही याच्या उलट बाजूला असाल, म्हणजे लोकेशनचं एखादं ॲप चालवता आणि कुणाची नोटीस आली, तर घाबरून पैसे पाठवू नका आणि नोटीस कोनाड्यातही टाकू नका. दिलेला क्रमांक भारतीय पेटंटचा आहे का, ते चालू आहे का, आणि क्लेममध्ये तुमचं काम बसतं का, एवढं आधी पाहा. परदेशी पेटंटचा क्रमांक दाखवून इथे वसुली करता येत नाही. आणि सांगली-कराडच्या कॉलेजांतून प्रकल्प करणाऱ्या मुलामुलींनो, प्रदर्शनात मांडायच्या किंवा यूट्यूबवर टाकायच्या आधी निदान तात्पुरता अर्ज करून ठेवा. व्यक्तीला ऑनलाइन १,६०० रुपयांत तो करता येतो, आणि संपूर्ण अर्जासाठी त्यानंतर बारा महिने मिळतात. त्या बारा महिन्यांत क्लेम लिहिणाऱ्याशी बसून ‘आज आपण हे ज्या मार्गाने करतो तो उद्या बदलला तर?’ हा प्रश्न प्रत्येक ओळीला विचारा.

दादा, तुमचे बाकीचे क्लेम आणि नूतनीकरणाची स्थिती एकत्र काढून वकिलाकडे जाताना वहिनींनाही सोबत न्या. प्रश्न त्यांना विचारू द्या. आणि इनपासवर पेटंट बंद पडलेलं दिसलं तर वकिलाच्या भेटीची वाट पाहू नका. बंद पडल्याची तारीख बघून त्याच दिवशी एजंटाला फोन करा, कारण ते अठरा महिने त्या तारखेपासून मोजले जातात.